निवळ मेली

मी शिंगाळ्याचं विष शिजवलं.

मुद्दाम नाही. दोन सारख्या कुप्या होत्या. एकीत नुसतं मिठाचं पाणी, दुसरीत दोन महिने थेंब थेंब जमवलेलं विष. पाणी गरम टाकीत जायचं होतं आणि विष बर्फात. मी विष टाकीत ठेवलं, पाणी बर्फात. मग कॅन्टीनला जाऊन कांदाभजी खाल्ली. दोन प्लेट. टाकीही नेमकी कोणीतरी साठ अंशांवर करून गेलेलं. तासाभरानं परत आलो तर पाण्यासारखं नितळ विष उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालेलं.

हे आधीच सांगून टाकतो. पुढे जे झालं त्यात माझी बाजू बरोबर आहे, आणि बरोबर बाजूच्या माणसानं आपला गाढवपणा स्वतः सांगावा. दुसऱ्यांना ते काम देऊ नये. ते फार मन लावून करतात.

दुसऱ्याच दिवशी सरांनी ते केलं.

सर म्हणजे आमच्या प्रयोगशाळेचे प्रमुख. आमच्याच किनाऱ्यावरचे. गावच्या देवळात पहिला नारळ त्यांच्या घराण्याचा. माझा बाप होडीवर. लहानपणी आईबरोबर त्यांच्या घरी मासे द्यायला जायचो, मागच्या दारानं. आता मी एम.एस्सी. होऊन त्यांच्या प्रकल्पावर लागलो होतो. पुढच्या दारानं. असं मला वाटत होतं.

सरांबरोबर मुंबईचे दोन पाहुणे होते. सरांनी माझी नोंदवही उचलली, कालचं पान उघडलं आणि मोठ्यानं वाचलं.

"साठ अंश. तासभर. निवळ मेली. साका पांढरा."

पेज पातेल्यात स्थिर झाली की वर जे पाणी येतं ती निवळ. तळाला बसतो तो साका. यंत्रात कुपी गरगर फिरवली की विषाचंही तसंच होतं, वर निवळ, खाली साका. त्यांना इंग्रजी शब्द आहेत, मला येतात. पण घाबरलेला माणूस घरच्या भाषेत लिहितो. मी घाबरलेलो होतो.

"निवळ मेली!" सर म्हणाले. "अरेरे. तेरावा कधी?"

पाहुणे हसले.

"आणि हा साका बघा. अहो, ही नोंदवही आहे की पेजेचं टोप? तळागाळातली मुलं घेतली की वहीत साका येणारच."

आता सगळी प्रयोगशाळा हसली. सर माझ्याकडे वळले.

"तुम्हा लोकांना मासा दिसला की शिजवायचाच. नाही का रे?"

तुम्हा लोकांना.

आणि मी हसलो. हे लिहिताना हात थांबतो, पण लिहितो. सगळ्यांत मोठ्यानं मी हसलो. म्हणालो, "हो सर, फक्त तिरफळं घालायची राहिली." आणखी हशा. एका पाहुण्यानं माझी पाठ थोपटली. गमत्या आहे हा, म्हणाला.

आमच्या तीन पिढ्यांनी त्या मागच्या दारात असंच हसून घेतलं असणार. मी ते न शिकवता शिकलो होतो.

शिंगाळा म्हणजे मिशीवाला मासा. पाठीवर एक काटा आणि दोन बाजूंना दोन. काट्यावरच्या कातडीत विष. त्या विषातलं कुठलं प्रोटीन काम करतं आणि त्याच्या कुठल्या आकारामुळे करतं, हा आमचा विषय. तपासायची रीत सोपी. बकऱ्याच्या रक्तातल्या लाल पेशी मिठाच्या पाण्यात घ्यायच्या, त्यात विष टाकायचं. विष जिवंत असेल तर पेशी फुटतात, सगळं पाणी लाल होतं. मेलेलं असेल तर पेशी मुकाट तळाला बसतात. माझ्या शिजवलेल्या कुपीतलं टाकल्यावर त्या अशा बसल्या, जशी माझी जीभ सरांपुढे बसली.

पण निवळ का मेली, हा प्रश्न मला पडलाच नाही. मला प्रश्न पडला होता, सर काढून टाकतील का.

रविवारी घरी आचऱ्याला गेलो. बाबा होडीवरून आले ते एका हातानं दुसरा हात धरून. जाळ्यातून शिंगाळा सोडवताना काटा तळहातात गेला होता. बाबा ओरडणारे नव्हेत. पण ओठ पांढरे पडले होते.

आईनं त्यांना चुलीपाशी बसवलं. काटा ओढून काढला, जखम धुतली. चुलीवरचं पाणी बादलीत ओतलं, थोडं गार पाणी मिसळलं.

"आदी बरो हात घाल," ती म्हणाली. "त्येका सोसला तर दुखऱ्या हाताक सोसतला."

"कढत आसा गो!"

"इख काय थंड आसा? घाल."

त्यांनी घातला. ती वरून ऊन पाणी घालत राहिली. बऱ्याच वेळानं बाबांच्या ओठांना रंग आला.

हे मी लहानपणापासून बघत आलोय. माझ्याही पायात काटा गेलाय, माझाही पाय असाच बादलीत गेलाय. आणि तरी एम.एस्सी. झालेला मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं,

"आये, ऊन पाणी कित्याक?"

"इख मरता."

"मरता म्हंजे काय?"

"मरता म्हंजे मरता. तुझ्या कालेजात काय वेगळा मरता?"

मी उभा राहिलो. उंबरठ्याला ठेच लागली, परत बसलो. वहीत मी 'निष्क्रिय झाली' लिहिलं नव्हतं. 'मेली' लिहिलं होतं. तो शब्द माझा नव्हताच. तो हिचा होता.

मग मला शहाणपण सुचलं आणि मी बाबांना प्रोटीन समजावायला बसलो. म्हटलं, ती मण्यांची लांब माळ असते. माळ नुसती लोंबत नाही, घड्या पडून एका ठराविक आकारात बसते. त्या आकारातच तिची नांगी. जास्त उष्णता लागली की घड्या सुटतात. मणी तेच राहतात, माळ तीच राहते, पण आकार गेला की...

बाबांनी भिंतीवरच्या कोनाड्यातून गळ काढला आणि माझ्यापुढे धरला.

"ह्यो गळ. सरळ केलो तर तार तीच, वजन तेच. मासो लागात?"

"नाय."

"मगे झाला. येवढ्यासाठी कित्या बोलतस?"

दोन वर्षं मी जाड पुस्तकातून जे वाचलं ते त्यांनी एका गळात संपवलं. वर चहा मागितला.

सोमवारी मी पहिल्या एसटीनं गेलो. वहीत आधी रविवारचं लिहिलं: आईनं बाबांचा हात ऊन पाण्यात ठेवला, दुखणं उतरलं, आई म्हणते इख मरतं. मग पुन्हा दोन महिने नवं विष जमवलं आणि या वेळी चूक मुद्दाम केली, नीट मोजून. चाळीस अंशांवर तासभर ठेवलं, जिवंत. पन्नासवर अर्धमेलं. साठवर मेलं. साठवालं परत बर्फात घालून बघितलं. उठलं नाही. वजन तेवढंच, मणी तेच, पण सुटलेली घडी पुन्हा पडेना. उकडलेलं अंडं परत कच्चं होत नाही, तसं.

आता हात पाण्यात धरल्यावर आत नक्की काय होतं, विषच मोडतं की उष्णतेनं नसांना वेदना कळेनाशी होते, ह्यावर जाणकारांचं एकमत नाही. हाताला सोसेल असं पाणी काही साठ अंशांचं नसतं. तेही मी वहीत लिहिलं. आपली आई म्हणून जास्त गुण द्यायचे नाहीत.

सरांना ती पानं दाखवली तेव्हा ते हसले नाहीत. दोनदा वाचली. मग वही घेऊन आपल्या खोलीत गेले.

पंधरा दिवसांनी बोलावलं.

"दार लाव."

लावलं. टेबलावर तीन वस्तू. माझी जुनी वही. एक कोरी करकरीत वही. आणि माझा पीएचडीच्या नोंदणीचा अर्ज. त्यावर मार्गदर्शकाच्या सहीची जागा मोकळी.

"काम चांगलं झालंय," सर म्हणाले. गोड आवाजात. हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होतो. "पुढच्या महिन्यात समिती येतेय. नोंदी जरा नीट हव्यात. ही नवी वही घे. सगळं शुद्ध भाषेत उतरवून काढ. निवळबिवळ नको."

"बरं सर."

होय. 'बरं सर' म्हणालो. कणा असा एका दिवसात येत नाही.

"आणि ते पहिलं पान. तुझ्या गोंधळाचं. ते असं लिही: प्रमुखांच्या सूचनेवरून नमुना साठ अंशांवर ठेवला."

मी कोरी वही उघडली, पुन्हा मिटली.

"ते आईबाबांचं पान गाळ. शास्त्रात आई नसते."

मी माझ्या जुन्या वहीवर हात ठेवला.

"जुनी वही माझ्याकडे राहील. उतरवून झालं की ह्या अर्जावर सही करतो. लगेच."

त्यांनी स्वतःचं पेन काढलं, टोपण उघडलं आणि माझ्यापुढे धरलं.

पेन घेतलं. खिडकीतून कातळसड्यावरचं गवत दिसत होतं. डोक्यात काय आलं सांगू? बाबांचा गळ. हा माणूस मला सरळ करतोय. भाषा सरळ, पान सरळ, चूकसुद्धा सरळ. तार तीच राहील. वजन तेच राहील. त्या तारेला पुढे काही लागणार नाही. आणि हा गळ टाकीत नाही, टेबलावर, गोड बोलण्याच्या उबेत सरळ होतोय. मग पुन्हा कितीही थंड केला तरी वाकायचा नाही.

मी जुनी वही ओढली. शेवटचं कोरं पान काढलं. तारीख घातली. लिहिलं:

"सरांनी नवी वही दिली. पहिलं पान बदलायला आणि आईचं पान गाळायला सांगितलं. मी घेतली नाही. विष माझ्या चुकीनं शिजलं. सूचना कोणाचीही नव्हती."

खाली सही केली. वही त्यांच्याकडे फिरवली.

"सर, इथं तुमची सही."

सरांनी हातातलं टोपण टेबलावर ठेवलं.

"तुला पीएचडी करायचीय ना?"

"करायचीय."

"मग हे काय?"

"नोंद."

गोडवा गेला. जुना आवाज परत आला, आणि खरं सांगतो, बरं वाटलं. ओळखीचा होता.

"तुम्हा लोकांना पुढे आणायचं म्हणजे हे असं."

तुम्हा लोकांना. पुन्हा. तोच शब्द, तोच माणूस, तोच मी. फक्त या वेळी मी हसलो नाही. गंमत केली नाही. तिरफळं काढली नाहीत. नुसता बघत राहिलो. न हसता समोर बघत राहणं किती कठीण असतं, हे ज्याला मागच्या दारानं जावं लागलं नाही त्याला कळायचं नाही. सरांनीच नजर वळवली.

"सोमवारपासून येऊ नकोस."

वही उचलून मी थेट ऑफिसात गेलो. आवक-जावक बघणाऱ्या बाईंना म्हटलं, ह्या पानांच्या दोन प्रती काढा आणि प्रत्येक पानावर आवक शिक्का मारा. त्यांनी पानं वाचली. आईच्या पानाशी थांबल्या. "आमच्याकडेय असाच करतत," एवढंच बोलल्या, आणि शिक्का मारला. प्रत्येक पानावर, जरा जास्तच जोरात. एक प्रत त्यांच्या फायलीत, एक माझ्या पिशवीत, वही ऑफिसच्या कपाटात.

त्याला आता दोन महिने झाले. नोंदणी झालेली नाही. अर्जावर सहीची जागा कोरीच आहे. दुसरा मार्गदर्शक शोधतोय, तिघांनी नाही म्हटलंय, त्यातल्या दोघांना सरांचा फोन आधी पोचला होता. चौथ्याकडे जाईन. पाचव्याकडे जाईन. जिथं घेतील तिथं पहिल्या पानावर हेच लिहीन: साठ अंश, तासभर, निवळ मेली. कारण, मी आणि कांदाभजी. त्याखाली आईचं नाव, पूर्ण, तिच्या बापाच्या आणि नवऱ्याच्या आडनावासकट. शब्द बदलणार नाही. आणि माझ्यावर कोणी हसलं तर त्यात मी सामील होणार नाही. माझ्यावर हसायचं काम माझं आहे. ते मी कोणाला देणार नाही, आणि कोणासाठी करणारही नाही.

हे सगळं मी परवा घरी बसून आईला वाचून दाखवलं. जरा आवाज चढवून. शेवटी तर उभाच राहिलो. बाबा जाळं विणत ऐकत होते. आई चुलीपाशी. वाचून झाल्यावर तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, डोळे पुसते आहे. ती चुलीतला धूर पुसत होती.

"बरा केलस," ती म्हणाली. "पण मेल्या, इख शिजवलस तूच मां? माझ्या आवशीक, तुझ्या आजयेक, ठावक होता ता कळूक तुका सतरा वर्षां शिकूक लागला, वर दोन पलेटी भजी. आता बस गप, आणि ह्या दुधाकडे बघू नको. तू बघलस काय उतू जाता."