मास्तरांचा पाय

गाडी शिकवायच्या शाळेत मास्तरांचं मोठं नाव होतं, आणि नावापेक्षा मोठा होता त्यांचा आवाज. शिकवायच्या गाडीत मास्तर बसतात त्या बाजूलाही एक ब्रेक असतो. मास्तरांचा उजवा पाय कायम त्याच्यावर टपलेला. शिकणारा जरा कुठे गडबडला, की पाय खाली आणि आवाज वर. "आरसा कशाला दिलाय? भांग पाडायला?" भलीभली शिकलीसवरलेली माणसं गाडीतून उतरताना घाम पुसायची. पण मास्तरांच्या हाताखालचा माणूस परीक्षेत नापास होत नाही अशी ख्याती, त्यामुळे लोक बोलणी खाऊनही त्यांच्याकडेच येत.

तर अशा या माणसाला सायकल येत नव्हती.

हसू नका. लहानपणी घरात सायकल नव्हती, आणि पुढे गॅरेजात कामाला लागल्यावर थेट गाडीच हातात आली. पडायचं वय निघून गेलं, ते गेलंच. एवढ्यावर थांबले असते तर ठीक होतं. पण लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या बायकोवर छाप पाडायला म्हणून त्यांनी ठोकून दिलं, "मी तर हात सोडून सायकल चालवायचो." थाप एकदा मारली की तिला जन्मभर सांभाळावं लागतं. मास्तरांनी सांभाळली.

त्यांची बायको शाळेच्या ग्रंथालयात होती. निवृत्त झाली आणि काय डोक्यात आलं कोण जाणे, सायकल शिकली. गुडघे फोडून घेतले, कोपरं सोलून घेतली, पण शिकली. मग दर रविवारी सकाळी दहा-बारा जणांच्या घोळक्याबरोबर तळ्यापर्यंत जायची आणि परत यायची ती लाल झालेल्या तोंडाने, हसत. "या वयात ही थेरं!" असं मास्तर म्हणायचे खरे, पण तिचं ते हसणं बघून आतून जळायचे.

"अहो, चला ना तुम्हीही," ती म्हणायची. "तळ्यावर चहा पिऊ आणि परत येऊ. तुम्हाला तर हात सोडून येते."

कधी कंबर धरली, कधी शिकवणी निघाली. मास्तरांकडे सबबींना तोटा नव्हता. पण एका रविवारी तिने पाण्याची बाटली भरली, शिरस्त्राण डोक्यावर चढवलं आणि काही न विचारता दार ओढून घेतलं. मास्तरांच्या काळजात चर्र झालं. ही विचारायचीच बंद झाली तर? घरात राहणार दोनच माणसं, त्यातलं एक असं हसायला बाहेर जाणार आणि दुसरं खुर्चीत बसून वाट बघणार!

त्या दुपारी कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या बायकोसमोर ते उभे राहिले आणि भिंतीकडे बघत म्हणाले, "मला सायकल येत नाही."

"माहीत आहे," ती म्हणाली. "भावजींनी लग्नानंतर दुसऱ्याच महिन्यात सांगितलं होतं."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमची शोभा कशाला करायची?"

ती हसली असती तर बरं झालं असतं. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मग बंद कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत शिकवणी सुरू झाली. ती मागून सीट धरून धावायची, हे पडायचे. "काही नाही झालं, उठा," एवढंच ती म्हणायची. आवाज म्हणून चढवला नाही कधी. अडचण होती ती मास्तरांच्या पायाची. भीती वाटली की उजवा पाय दाणकन खाली जायचा, अर्ध्या आयुष्याची सवय ती! गाडी त्याने थांबायची. सायकल त्याने आणखी जोरात पळते.

"अहो, ब्रेक हातात आहे, हातात!" ती धापा टाकत म्हणायची.

हळूहळू जमलं. सरळ रस्त्यावर मास्तर नीट जाऊ लागले आणि एका रविवारी घोळक्याबरोबर तळ्यावरही जाऊन आले. नुसते गेले नाहीत, दोन कप चहा प्याले, चार गप्पा मारल्या. परतताना उतार लागला. बायको आधीच सायकलवरून उतरली आणि म्हणाली, "इथे चालत जाऊ या. उताराचं आपण अजून केलं नाही." ती सायकल हातात धरून अगदी कडेने चालू लागली.

मास्तर उतरणारच होते. इतक्यात घोळक्यातला, त्यांच्याच हाताखाली गाडी शिकलेला औषधाच्या दुकानाचा मालक शेजारून ओरडत गेला, "वा मास्तर, जमतंय की!" झालं. मास्तर हरभऱ्याच्या झाडावर चढले, आणि उतरायचे राहिले.

सायकलने वेग घेतला. मास्तर घाबरले. पाय दाणकन खाली. वेग वाढला. पुन्हा पाय. कडेला बायकोची पाठ दिसत होती, मोठी मोठी होत होती, आणि तोंडातून साधी हाकसुद्धा फुटेना.

मास्तर गवतात पडले, त्यांना खरचटलंही नाही. ती रस्त्यावर आपटली. तळहात सोलला, कोपरातून रक्त आलं, सायकलचं पुढचं चाक वाकडं झालं. सगळे थांबले, धावत आले. मास्तर उठले आणि काही कळायच्या आत त्यांचा तो आवाज बाहेर पडला.

"अक्कल आहे का? रस्त्याच्या मधोमध कोण चालतं? मागे बघता येत नाही?"

ती मधोमध नव्हती. सगळ्यांनी पाहिलं होतं.

"चुकलं माझं," ती रस्त्यावर बसूनच म्हणाली. "तुम्हाला लागलं नाही ना?"

औषधवाला मान खाली घालून आपल्या सायकलच्या साखळीकडे बघत राहिला. भाजी खारट झाली, गॅस चालू राहिला, किल्ली सापडेना, दर वेळी ती घरात हेच म्हणायची, ह्याच सुरात. मास्तरांनी ते पहिल्यांदा ऐकलं, कारण आज ऐकायला बाकीचे लोक होते. धरणीने पोटात घ्यावं असं त्यांना वाटलं.

घरी येऊन ते कापूस आणि औषध घेऊन तिच्यासमोर बसले. तिने त्यांच्या हातातून कापूस घेतला आणि स्वतःच जखम पुसू लागली.

"चूक माझी होती," मास्तर म्हणाले. "तू कडेलाच होतीस."

"हो."

"मग 'चुकलं माझं' का म्हणालीस?"

"तसं म्हटलं की तुम्ही लवकर थांबता."

मास्तरांनी औषधाच्या बाटलीचं झाकण लावलं. मग म्हणाले, "चाक मी दुरुस्त करून आणतो. पुढच्या रविवारी..."

"पुढच्या रविवारी मी एकटी जाते," ती म्हणाली. रागाने नाही, अगदी साधं. "तेवढा एक वार राहू द्या मला."

"बरं," मास्तर म्हणाले, पण इतक्या हळू की तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे.