यांच्या हाताचा व्यायाम

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. मुलाला नाही, बहिणीला नाही, देवापुढे बसूनही नाही. तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही – ओळखत असता तर कदाचित जीभ रेटली नसती.

आमचं घर रायपूरला, ब्राह्मणपाऱ्यात. माझे मिस्टर नवा रायपूरला सरकारी नोकरीत होते. निवृत्त झाले आणि वर्षाच्या आत अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. पाय हळूहळू सावरला. हातासाठी एक फिजिओथेरपीवाली मुलगी आठवड्यातून एकदा यायची. तिनं मला शिकवलं – बोटं एकेक करून सरळ करायची, मनगट फिरवायचं, मूठ उघडायची, मिटायची. "आंटी, रोज सुबह-शाम. मन नहीं होगा, तब भी."

अवघड होतं का? नव्हतं. सुरुवातीला मी केलंही. यांना दुखायचं, डोळ्यांत पाणी यायचं. मी म्हणायची, "थोडंसंच राहिलं, झालंच." मग एका सकाळी – काहीही झालं नव्हतं त्या दिवशी, ना ताप, ना पाहुणे – मला नुसतंच नकोसं झालं. संध्याकाळी करू म्हटलं. संध्याकाळी, उद्या. आणि मग... न करण्याचीच सवय लागली.

हे मात्र वाट पाहायचे. चहा झाला की डाव्या हातानं उजवा हात उचलून माझ्या बाजूला उशीवर ठेवायचे आणि बसून राहायचे. बोलता येत नव्हतं ना. मी न पाहिल्यासारखं करायची. मागच्या अंगणात जाऊन मोबाइल बघत बसायची. आतून पलंगाच्या लाकडावर बोटं वाजवल्याचा आवाज यायचा. ऐकू येत नव्हता का मला? येत होता. मी उठले नाही.

बोटं आत वळायला लागली. त्या मुलीच्या लक्षात आलंच. तिनं विचारलं, "एक्सरसाइज हो रही है ना, आंटी?"

आणि मी म्हणाले – हेच ते – "मैं तो रोज पीछे पड़ती हूँ बेटा. इनका ही मन नहीं करता."

ती यांच्याकडे वळली. लहान मुलाला समजवावं तशी बोलली, "अंकल, आंटी आपके लिए इतना कर रही हैं." यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. घशातून एक आवाज निघाला, त्याचा शब्द झाला नाही. होणार नाही हे मला माहीत होतं. म्हणूनच तर बोलले ना मी?

पुण्याहून मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला मराठी कळते, बोलतो हिंदीत. "बाबा, ऐसे कैसे चलेगा? मम्मी थक जाती है." अमरावतीहून बहीण आली, तीही यांनाच म्हणाली, "भाऊजी, असं काहून करून राहिले? तिचा तरी विचार करा." मी पदरानं डोळे पुसले. पाणी खरंच आलं होतं. कशाचं, ते विचारू नका.

त्यानंतर यांनी हात पुढे करणं सोडलं. पलंग वाजवणंही.

तेव्हा मी घाबरले. स्वतःहून जवळ बसले, तेल लावलं, बोटं धरली. यांनी हात ओढून घेतला नाही. नुसतं भिंतीकडे पाहत राहिले. बोटं उघडली नाहीत. मी जोर लावला तेव्हा हे कण्हले, मग मी सोडून दिलं. पुढच्या वेळी ती मुलगी आली, बराच वेळ हात तपासत राहिली. "अब नहीं खुलेगा," म्हणाली, आणि मला जवळ घेऊन वर म्हणाली, "आपकी गलती नहीं है, आंटी."

"हव," मी मान डोलावून म्हणाले. हे समोरच बसले होते.

याला आता बरीच वर्षं झाली. हे बाजूच्या खोलीत आहेत. घरी येणारं माणूस यांना अजून चार शब्द ऐकवतं आणि माझ्या सेवेचं कौतुक करून जातं. आज सकाळीही शेजारची येऊन गेली. मी ऐकून घेतलं.