वावरातली नेकी

औंढ्याच्या आमराईत आमच्या शाळेच्या स्काउट पथकाचा उन्हाळी कॅम्प पडला, तेव्हा रांगेत मी पुढं असायचो, पण नजर रस्त्याकडं. आमचं वावर तिथून कोसभरावर. वडील केव्हाही येऊन मला घेऊन जातील, ही धास्ती पहिल्या दिवसापासून होती. हिंगोलीत मावशीकडं राहून शिकत होतो. आता सातवीतून शाळा सोडून वावरात राबायचं, हे घरात ठरून गेलं होतं. मी ते कबूल केलं होतं. एकच मागितलं होतं, कॅम्पचा हप्ता पुरा करू द्या. शेवटच्या दिवशी वचन घेणाऱ्याच्या छातीवर बिल्ला लावत. तेवढा मला पाहिजे होता.

कॅम्पात एक नेम होता. सकाळी झेंडा चढला की प्रत्येकानं गळ्यातल्या रुमालाच्या टोकाला गाठ मारायची. दिवसात कुणाचं एखादं भलं काम केलं की ती सोडायची. निजामाचं राज्य, शाळेत उर्दूचा अंमल, म्हणून आमचे मास्तरही त्या कामाला 'नेकी' म्हणत. गाठ सुटल्याशिवाय रात्रीची भाकर नाही. मग काय, दोन दिवसांत गाव बेजार झालं. देवळाकडं जाणाऱ्या एकेका यात्रेकरूचं गाठोडं चार चार पोरं ओढायची. खाकी चड्डी दिसली की बाया घागर दुसऱ्या कमरेवर घ्यायच्या. एक म्हातारी ओट्यावरूनच म्हणाली, "बाबांनो, माझं अंगण कालपासून तीनदा झाडलं तुमी. आता थोडी माती ऱ्हाऊ द्या."

चौथ्या दिवशी दुपारी वडील आलेच.

"तुझ्या मायला हिवताप भरला," ते म्हणाले. "वखरणी झाली, पर धसकटं तशीच पडून हायेत. चल."

वखरानं ज्वारीची खुंटं, म्हणजे ही धसकटं, उपटून वर येतात. ती पावसाआधी वेचून जाळावी लागतात, नाहीतर पेरताना तिफणीत अडकतात. आई अंथरुणाला, म्हणजे वेचणारा मीच.

मास्तर म्हणाले, "तीनच दिवस राहिलेत. पोरगा मन लावून करतोय."

"तुमचं बराबर हाय, मास्तर. पर ढग काय तुमाला इचारून येत न्हाईत."

मी वळकटी बांधायला घेतली. दोरी नीट बसेना.

आमच्या टोळीचा नायक हिंगोलीतल्या टांगेवाल्याचा मुलगा. तो हे सगळं ऐकत उभा होता. त्यानं स्वतःच्या रुमालाच्या गाठीकडं पाहिलं आणि म्हणाला, "मास्तरसाब, औंढे में तो अब नेकी बचीच नै. चाचा के खेत में है ना."

मास्तर हसले. वडलांना वाटलं, टिंगल चाललीय.

"काहून थट्टा करून राहिले गरिबाची? शहरातली लेकरं, उन्हात पडतील."

"पडली तर उचलायला बाकीची आहेत," मास्तर म्हणाले. "सकाळी येतो आम्ही. याला आजची रात्र राहू द्या."

दुसऱ्या दिवशी झेंडा चढवून सगळं पथक आमच्या वावरात उतरलं. मास्तरांनी या बांधापासून त्या बांधापर्यंत ओळ लावली, शिट्टी मारली आणि स्वतःही वाकले. पोरांना वेचायचं कळलं, पण पुढचं नाही कळलं. ढीग लावायच्या ऐवजी त्यांनी धसकटांच्या मोळ्या केल्या आणि परीक्षेसाठी शिकलेल्या गाठी त्यांना मारल्या. वडील बघतच राहिले.

"जाळायचं हाय बाबा ते. पोरीसंगं आंदण न्हाई धाडायचं."

सगळं वावर हसलं. आई गोधडी पांघरून बांधावर येऊन बसली होती, तीही हसली.

ऊन तापायच्या आत वावर मोकळं झालं. वडील एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले, ढेकळं पायानं उलथून पाहिली. परत आले ते गुळाची ढेप घेऊन. एकेकाच्या हातावर खडा ठेवत माझ्यापाशी आले.

"जा. हप्ता पुरा कर. अर्धं टाकून यायचं न्हाई."

बांधावर सगळ्यांनी गाठी सोडल्या. मीही हात लावला, तर नायकानं अडवलं. "तू मत खोल. अपने घर का काम नेकी में नै आता."

खरंच होतं. संध्याकाळी आमराईत बसून मी एकेकाच्या बोटांत, तळव्यांत मोडलेली धसकटाची कुसं बाभळीच्या काट्यानं काढत राहिलो. नायकाचा हात सगळ्यांत खराब झाला होता. तो ओरडायचा, मी दाबून धरायचो आणि बाकीचे चिडवायचे. त्या दिवशीची भाकर मी गाठ सोडून मोठ्या मानानं खाल्ली.

पुढं पोटासाठी फार लांब आलो. इथं माझी बोली समजणारं कुणी नाही. उद्याची काळजी अजून सुटत नाही, पण जीव घाबरा झाला की ती बांधापासून बांधापर्यंत वाकलेली ओळ आठवते. त्या पोरांचे उपकार कशानं फेडू?

कॅम्पच्या शेवटच्या दिवशी मी वचन म्हटलं, एकदाही न अडखळता. मास्तरांनी बिल्ला लावला तेव्हा आमच्या टोळीनं असा गलका केला की आंब्यावरचे पोपट उडाले. वडील न्यायला आले होते. कपडे बदल म्हणाले नाहीत. वळकटी त्यांनी आपल्या खांद्यावर घेतली. गावाची वेस आली तसे ते दोन पावलं मागं राहिले आणि मी पूर्ण पोशाखात, छाती काढून, त्यांच्या पुढं चालत घरी गेलो.