नवं तेल काळं पडतं तेव्हा

गाडी गरम असतानाच आणायची, ही टीपकागदची पहिली अट. गार इंजिनातल्या तेलाचा गाळ तळाशी बसलेला असतो, त्यावरून काही कळत नाही, असं त्याचं म्हणणं. गाडी आली की तो बॉनेट उघडतो, तेल मोजायची पट्टी काढून पुसतो, पुन्हा बुडवतो आणि तिच्या टोकावरचा एक थेंब जाड पांढऱ्या कागदावर पडू देतो. कोपऱ्यात गाडीचा नंबर, तारीख आणि किलोमीटर लिहितो. मग तो कागद दोन पट्ट्यांवर अधांतरी ठेवायचा आणि चोवीस तास त्याला हात लावायचा नाही. गिऱ्हाईक घाई करायला लागलं तर तो विचारतो, "रक्त तपासायला दिलं की दारातच रिपोर्ट मागता का?"

दुसऱ्या दिवशी त्या थेंबाची चकती झालेली असते. मधोमध काळा गोळा आणि त्याची कड सुरीने कापल्यासारखी दिसली, तर तेल संपलं. काजळी धरून ठेवायची ताकद त्याच्यात उरलेली नाही. काळेपणा मधून कडेपर्यंत विरत गेला असेल, तर तेल कितीही काळं दिसो, ते चांगलं आहे. कड करवतीसारखी दातेरी असली, तर आत पाणी शिरलंय. पंचक्रोशीतले ड्रायव्हर हा कागद घेऊन आपापल्या मेकॅनिकशी भांडायला जातात. त्यावरूनच त्याला हे नाव पडलं. खरं नाव त्याची बायकोसुद्धा फॉर्म भरतानाच वापरते.

त्याचं वय बावन्न. पंक्चरच्या दुकानात, जुन्या टायरांच्या थप्पीला लागून त्याचं टेबल आहे. समोर, रस्ता ओलांडला की चाळीस पावलांवर एक मोठं गॅरेज आहे. ते त्याच्या साडूचं, म्हणजे बायकोच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं. टेबलासाठी हीच जागा त्याने मुद्दाम निवडली होती.

त्या गॅरेजमध्ये त्याने अठरा वर्षं काम केलं. तेव्हा तो साडूला 'दादा' म्हणायचा. मग एका सकाळी एक गृहस्थ पांढरा रुमाल फडकावत दारात येऊन उभे राहिले. एका मोठ्या कचेरीच्या नऊ गाड्या या गॅरेजकडे यायच्या, त्या कचेरीचे ते व्यवस्थापक. आदल्या दिवशी त्यांच्या डिझेल गाडीचं तेल याने बदललं होतं. रुमालावर काळाकुट्ट डाग होता.

"हे नवं तेल? हे तर डांबर आहे! माझं नवं तेल गेलं कुठे?"

गिऱ्हाइकं जमली. याने साडूकडे पाहिलं. डिझेल इंजिनात कितीही निथळू दिलं तरी थोडं जुनं तेल आणि काजळी राहतेच. नवं तेल ती काजळी धुऊन आपल्यात घेतं आणि पंचवीस-तीस किलोमीटरमध्ये काळं होतं. त्यासाठीच तर ते घालायचं असतं. गॅरेज झाडणाऱ्यालाही हे ठाऊक असतं, मग तीस वर्षं इंजिनं उघडणाऱ्या साडूला नसेल? पण त्याने एकदा रुमालाकडे पाहिलं, एकदा त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, चूक आमची. माणूस आजच काढतो."

माणूस काढला. त्याच्यामागे 'तेलचोर' हा शब्द गावभर फिरला. दोन वर्षं त्याला कुठल्याही गॅरेजने उभं केलं नाही. मेहुणी नातेवाइकांत बसून म्हणाली, "आमच्या तेलावर हिचं घर चाललंय." त्या दिवसापासून त्याच्या बायकोने बहिणीला ताई म्हणणं सोडलं, आणि त्याने साडूला दादा म्हणणं. आता तो त्यांना 'मालक' म्हणतो, आणि तेही तसंच कारण पडलं तर.

याला अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत समोरच्या गॅरेजमधून तेल बदलून निघालेली जी गाडी त्याला अडवता आली, तिचा थेंब त्याने घेतला. "जरा थांबा, हवा बघतो," असं म्हणत हवाही भरायची आणि पट्टीही बुडवायची. हे कागद तो वेगळ्या खोक्यात ठेवायचा. साडू एकदा तरी जुनं तेल परत ओतेल, एकदा तरी हलकं तेल घालेल, याची तो वाट पाहत होता. कागद दोनशे सहा झाले.

"एकही नाही?" बायको विचारायची.

"एकही नाही."

"नीट बघा. चष्मा बदला हवं तर."

त्याने चष्मा बदलला. तरी एकही सापडला नाही. माणूस तेलात चोख होता आणि त्याच्या या चोखपणाचा टीपकागदला जितका राग यायचा, तितका चोरीचाही आला नसता.

मग एका गुरुवारी शाळेच्या गाड्या चालवणाऱ्या बाई आल्या. त्यांच्या चार व्हॅन आहेत, चारही डिझेलवर चालणाऱ्या. रस्त्यावर त्यांचा दरारा आहे, कारण त्यांनी एखाद्या गॅरेजला नावं ठेवली की बाकीचे व्हॅनवालेही तिथून उठतात.

"काल समोर तेल बदललं," त्या म्हणाल्या, "आणि आज पट्टी काढून बघितली तर काळं! मुलं बसतात हो या गाडीत. मला नुसतं तुमच्या तोंडून ऐकायचंय. सोमवारी सगळ्यांना घेऊन जाते आणि त्या माणसाचं दुकान बंद करते."

"ते साडू आहेत माझे."

"मग तुम्ही कशाला बोलाल!"

"मी नाही, कागद बोलेल. उद्या या."

शुक्रवारी चकती वाळली. काळेपणा कडेपर्यंत सारखा विरलेला होता. मध्ये गोळा नव्हता, दातेरी कड नव्हती, डिझेल मिसळल्याची फिकट कडाही नव्हती. तेल नवं होतं. दोनशे सातवा कागद. बाई आल्या तेव्हा त्याने तो पाकिटात घालून ठेवला होता. "सोमवारी तिथेच दाखवतो, सगळ्यांसमोर," एवढंच तो म्हणाला. बाईंनी त्याचा आपल्याला हवा तो अर्थ घेतला आणि त्या खुशीत गेल्या.

दुपारी बायको डबा घेऊन आली. ती घरी शाळेचे गणवेश शिवते, बाईंना ओळखते, त्यामुळे तिच्या कानावर सगळं आधीच गेलं होतं.

"अहो, एक शब्द. 'जुनं आहे' म्हणा आणि मोकळे व्हा. कोण तपासायला येणारे?"

"नवं आहे ते."

"असू दे ना! त्यांना नव्हतं माहीत तेव्हा? बोललेच ना ते खोटं?"

"म्हणूनच. मीही खोटं बोललो तर फिट्टंफाट होईल." त्याने डब्याचं झाकण लावलं. "मला फिट्टंफाट नकोय."

संध्याकाळी बायकोचा फोन वाजला. अकरा वर्षांनी बहिणीचा आवाज.

"अगं, ह्यांच्यावर आळ आलाय गं. तुझ्या ह्यांनी चार शब्द सांगितले तर..."

"आमचे हे तेलचोर आहेत," बायको म्हणाली. "चोराची साक्ष चालेल का तुम्हाला?"

सख्ख्या धाकट्या बहिणीच्या तोंडून 'तुम्हाला' ऐकून मेहुणीने फोन ठेवला.

शनिवारी सकाळी साडू स्वतः आला. ती चाळीस पावलं तो पहिल्यांदाच चालला. पंक्चरवाल्याने आदराने स्टूल पुढे केलं. टीपकागदने ते पायाने आपल्याकडे ओढून घेतलं आणि त्यावर चिंध्यांचं बोचकं ठेवलं.

"कागद दाखव," साडू उभ्यानेच म्हणाला.

"सोमवारी."

"नवंच आहे ना ते?"

"तुम्हाला माहीत नाही, मालक?"

"मला माहीत आहे रे! पण माझं आता कोण ऐकतंय? काळं दिसलं की लोकांना..." त्याने वाक्य अर्धंच सोडलं. आपण कुणासमोर हे बोलतोय, हे त्याच्या बहुधा तेव्हाच लक्षात आलं.

"मी कागद घेऊन येतो," टीपकागद म्हणाला. "पण तेल काळं का होतं, हे तुम्ही समजावून सांगायचं. मोठ्याने. मग मी एक प्रश्न विचारीन, त्याचं खरं उत्तर द्यायचं. फिरवाफिरवी केलीत तर कागद खिशात घालून परत जाईन. मग तुम्ही आणि बाई."

"घरातली माणसं आहोत आपण."

"ते तेव्हा आठवायचं."

सोमवारी दहा वाजता गॅरेजच्या अंगणात वीस-बावीस माणसं होती. बाई, व्हॅनवाले, काही जुनी गिऱ्हाइकं, गॅरेजचे सहा मेकॅनिक. वरच्या मजल्यावर घर आहे, त्याच्या जिन्यात मेहुणी कठडा धरून उभी होती. टीपकागदची बायको रस्त्यापलीकडे पंक्चरच्या दुकानात थांबली. आत यायचं तिने नाकारलं, पण जागा अशी धरली की सगळं दिसेल.

टीपकागदने कागद पाकिटातून काढला, दोन बोटांत उंच धरला आणि साडूकडे मान वळवली. लोक साडूकडे बघायला लागले.

साडूने सांगितलं, आणि चांगलं सांगितलं. निथळल्यावर तेल कुठे कुठे अडकून राहतं, काजळी कुठून येते, नवं तेल ती कशी धुऊन घेतं. त्याने शेजारच्या डिझेल गाडीचं तेल सगळ्यांदेखत बदलायला लावलं, गाडी अर्धा तास फिरवून आणवली आणि पट्टी बाईंच्या हातात दिली. पट्टी काळी होती.

"बघा," साडू म्हणाला. घामाघूम झाला होता, पण आवाज सुटा झाला होता. "काळं म्हणजे जुनं नव्हे. हे साधं ज्ञान आहे."

"कधीपासून माहीत आहे हे तुम्हाला, मालक?" टीपकागदने विचारलं.

साडूने जिन्याकडे पाहिलं. मग उंच धरलेल्या कागदाकडे.

"पहिल्यापासून."

"अकरा वर्षांपूर्वी रुमाल आला होता, तेव्हा?"

जुन्या गिऱ्हाइकांपैकी दोघं त्या दिवशी तिथे होते. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एका मेकॅनिकने हातातला पाना हळूच खाली ठेवला.

"तेव्हाही माहीत होतं," साडू म्हणाला. "नऊ गाड्या होत्या त्यांच्या. त्या गेल्या असत्या."

"मोठ्याने. मागे ऐकू आलं नाही."

साडूने ते पुन्हा म्हटलं, नऊ गाड्यांसकट. जिन्यातली मेहुणी आत निघून गेली. तेव्हा टीपकागदने कागद बाईंच्या हातात दिला. "तेल नवं आहे. चांगल्यातलं आहे. इथे दोनशे सात वेळा मी हेच बघितलंय, शंका नको."

बाईंनी चकती उजेडात धरली, कागदाची घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली. "तेलाबद्दल मी चुकले," त्या साडूला म्हणाल्या. "माफ करा. पण माझ्या गाड्या आता इथे येणार नाहीत. उद्या माझ्या ड्रायव्हरवर आळ आला, तर तुम्ही गाड्याच मोजत बसाल." त्यांच्यामागून दोन व्हॅनवालेही गेले. खोटं बोलून जे झालं असतं, त्यातलं बरंचसं खरं बोलूनच झालं.

रस्ता ओलांडून आल्यावर बायकोने विचारलं, "झालं का समाधान?"

"नाही," तो म्हणाला. आणि परत गेला.

परत जाऊन त्याने साडूकडून एक पाटी मागितली. साडूने नाही म्हटलं नाही. नाही म्हणण्यासारखं त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. पाटी रंगवून आली, तेव्हा साडूने ती गॅरेजच्या आत टायरांमागे टांगली. टीपकागदने ती फाटकावर आणायला लावली. तळहाताएवढी अक्षरं आहेत. 'डिझेल गाडीत नवं तेल काळं दिसतं. तेल बदलणारा चोर नसतो.' खाली साडूचं पूर्ण नाव.

दर सोमवारी दहा वाजता टीपकागद रस्ता ओलांडतो, पाटीसमोर उभा राहतो आणि ती मोठ्याने वाचतो. साडू कामात असला, तर तो बाहेर येईपर्यंत पुन्हा वाचतो. गिऱ्हाइकांना याची सवय झाली आहे. मध्यंतरी साडूने निरोप पाठवला की परत ये, सगळं गॅरेज तूच बघ, वय झालं माझं. बायकोला वाटलं, आता हे विरघळतील. तिने चार दिवस विषय काढला नाही, पाचव्या दिवशी काढला, आणि त्याने सुईत दोरा ओवून देत विषय बदलला.

गेल्या सोमवारी निरोपाचं उत्तर ऐकायला साडू आधीच फाटकात उभा होता. टीपकागद आला. त्याने पाटीवर बोट फिरवलं आणि ते साडूसमोर धरलं. रस्त्यावरच्या धुराने बोट काळं झालं होतं.

"पुसा," तो म्हणाला.

साडूने आतून स्टूल आणि ओलं फडकं आणलं. अडुसष्ट वर्षांचा माणूस गुडघा धरत वर चढला आणि एकेक अक्षर पुसू लागला. टीपकागद हात मागे बांधून शेवटपर्यंत उभा राहिला. साडू उतरायला लागला, तसा तो जवळ सरकला.

"थांबा, मालक. 'चोर'वर अजून काजळी आहे."