वरचा जबडा, ईदनंतर

बोलताना वरचा ओठ खाली ओढून धरायचा. हसू आलं की पालथा हात तोंडावर. भाकरी आधी कालवणात बुडवायची, पार मऊ होऊ द्यायची. पेरू हातात आला की मुलीला देऊन टाकायचा. चूळ भरताना आधी नळ सोडायचा, मग थुंकायचं, म्हणजे रंग दिसत नाही. वाजवून झालं की क्लॅरिनेटची रीड, ती वेताची पातळ पट्टी, आमच्याकडे पाठ करून पुसायची.

दाऊदभाईच्या या सवयी मी तीन वर्षं पाहत होतो. मला वाटायचं, अदबशीर माणूस आहे.

एम.ए. करून मी मिरजगावात हायवेला झेरॉक्सचं दुकान टाकलं. शेजारी आप्पासाहेबांच्या ब्रास बँडची खोली. दाऊद शेख तिथे सतरा वर्षं क्लॅरिनेट वाजवत होता. वय एकेचाळीस. लग्नाची सुपारी द्यायला आलेले लोक आधी विचारत, "दाऊद हाय ना?" तो असेल तरच पुढचं बोलणं. आपल्याला दुसरं काही येत नाही, हे तो स्वतःच सांगायचा.

क्लॅरिनेटच्या तोंडावर वरचे पुढचे दोन दात टेकवून धरतात. खालून ओठाची गादी. दात हलला की सूर हलतो. हे त्यानेच मला शिकवलं. तेव्हा त्याचे ते दोन दात हलत होते. हे मात्र सांगितलं नाही.

एकदा रीडवर गुलाबी डाग दिसला. मी विचारलं.

"तू पुस्तकं वाच, एम.ए.," तो म्हणाला. "माझं तोंड नको वाचू."

"रक्त आहे, दाऊदभाई."

"सहा वर्सं येतंय. म्हनून तर ब्रश सोडला. जखमेवर कोन घासतं का?"

ब्रशऐवजी बोटाने मंजन. सकाळ-संध्याकाळ तुरटीच्या पाण्याची चूळ. तुरटीने हिरड्या आकसायच्या, दोन दिवस रक्त थांबायचं, त्याला वाटायचं बरं झालं. तंबाखूला तो कधी शिवला नव्हता. त्याचा त्याला मोठा भरवसा. "व्यसन न्हाई तर रोग कशाचा?"

त्याच्या घरी मी पुन्हा विषय काढला, तेव्हा त्याची बायको, शमशादभाभी, शिवणाच्या मशीनवरून मान न उचलता म्हणाली, "पोरीला खोकला आला की मोटारसायकल काढतात. स्वतःच्या तोंडाचा वास घरभर, तरी दवाखाना न्हाई."

"बघ, नवऱ्याची जाहिरात कशी करते," तो म्हणाला.

शेवटी मीच त्याला कर्जतला नेलं. दातांच्या डॉक्टर राजेश्वरी मॅडमनी खुणा केलेली एक बारीक सळई हिरडी आणि दात यांच्यामध्ये घातली. चांगल्या हिरडीत ती दोन-तीन मिलिमीटर जाते. त्याच्या वरच्या दातांपाशी सात गेली.

"दात लांब दिसायला लागलेत ना? ते वाढलेले नाहीत. हिरडी वर सरकली, आतलं हाड झिजलं. गेलं ते गेलं. उरलेलं वाचवू."

"कशानं झालं, मॅडम? मी गोड बी खात न्हाई."

"दाताच्या मुळाशी थर साचला. तो दगडासारखा घट्ट झाला, त्याने हिरडी सुजली. रक्त आलं तेव्हाच यायचं होतं. दुखत नाही म्हणून लोक थांबतात. रक्त येतं तिथंच रोज घासायचं, मऊ ब्रशने, हलक्या हाताने. घाण गेली की रक्त आपोआप थांबतं."

त्यांनी साखर तपासायला लावली. उपाशीपोटी दोनशे ऐंशी. त्याला पत्ताच नव्हता. साखर अशी वाढलेली असली की हिरड्या भरून येत नाहीत, हेही त्या दिवशीच कळलं.

सफाई दोन बैठकांत ठरली. आधी खालचा जबडा, आठ दिवसांनी वरचा.

खालचा झाला. किटण निघालं, सूज उतरली आणि दातांमध्ये फटी दिसू लागल्या. फटी आधीपासूनच होत्या, किटणाने बुजलेल्या. मॅडमनी हे अगोदर सांगितलं होतं. तरी आरशात बघून तो घाबरला.

"दात उघडे पडले, एम.ए. किटनानंच धरून ठेवल्ते ते. वरचे असे झाले तर मी वाजवनार कशावर?"

आठ दिवसांत रमजान लागला. तोंडात रक्त येणार, गिळलं जाणार, रोजा मोडणार, असं त्याने फोनवर सांगितलं. मॅडम म्हणाल्या, इफ्तारनंतर या, मी थांबते. तो म्हणाला, तेव्हा तरावीहची, रमजानमधली रात्रीची लांब नमाज असते. वरचा जबडा ईदनंतर करू.

त्याचा रोजा खरा होता. भीतीही खरी होती. मला दोन्ही कळत होतं. मी आग्रह धरला नाही.

ईद झाली आणि लग्नसराई ऐन भरात आली. आप्पासाहेब म्हणाले, "दाऊद, मे संपेस्तोवर आजारी पडायचं न्हाई बरं का."

"न्हाई पडत, मालक."

मे महिन्यात माहीजळगावला वरात होती. भरदुपार. पोरं नागासारखी डुलत होती. दाऊदभाई वरच्या सुरावर गेला आणि क्लॅरिनेट किंचाळली. तो थांबला. तोंडात बोटं घालून काहीतरी काढलं. दात होता. त्याने तो बँडच्या लाल कोटाच्या खिशात टाकला. हनुवटीवर रक्त ओघळलं.

"अरं, नागोबाचा दात पडला!" नाचणाऱ्यांतला एक ओरडला. सगळे हसले. मोबाईल वर झाले.

त्याने क्लॅरिनेट पुन्हा तोंडात घातली. नुसत्या ओठावर मांडवापर्यंत वाजवत गेला. सूर कुठेच बसत नव्हता.

दुसरा दात आठवड्यात गेला. मॅडम म्हणाल्या, आधी साखर खाली आणा, राहिलेली सफाई करून घ्या, हिरड्या भरू द्या, मग कवळी. कवळीवर क्लॅरिनेट वाजेल का, हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी तसं सरळ सांगितलं. तो परत गेला नाही.

आप्पासाहेबांनी त्याला काढलं नाही. हा त्यांचा चांगुलपणा. त्याच लाल कोटात, त्याच पुढच्या रांगेत, हातात खुळखुळे दिले. ज्याच्या नावावर सतरा वर्षं सुपारी मिळाली, तो माणूस खुळखुळे हलवत चालायचा.

"आज क्लॅरनेट न्हाई व्हय?" ओळखीचे विचारत.

"सुट्टी दिलीया तिला."

त्याच्या जागी आष्टीहून तौसीफ आला. तिशीतला, तयार हाताचा. नवरीच्या पाठवणीची एक धून दाऊदभाईने स्वतः बांधली होती. कागदावर कुठेच नव्हती. ती तो तौसीफला शिकवू लागला. पहिला भाग दोन दुपारींत बसला. दुसऱ्या भागात सूर वरून खाली घसरत येतो, खूप लांब. तो गुणगुणून कळेना.

"भाई, एकदा वाजवून दाखवा की," तौसीफ सहज म्हणाला.

दाऊदभाईने क्लॅरिनेट ओठांना लावली. नुसती हवा गळत राहिली. त्याने ती तौसीफच्या मांडीवर ठेवली.

"उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी दाऊदभाई बँड सोडून शिर्डीला गेला. तिथे एका हॉटेलात चादरी-उशा सांभाळायचं काम करतो. मी फोनवर म्हणतो, दुसरा भाग गुणगुणून तरी पाठवा, मोबाईलवर. तो म्हणतो, पाठवतो.

पाठवणीला तौसीफ पहिला भाग वाजवतो. संपला की पुन्हा पहिलाच. तेवढ्यात नवरीची गाडी सुटते. कोणी काही विचारत नाही. दुसरा भाग अजून आलेला नाही.