गंज देणाऱ्याचं वाक्य

हे मी आजवर कुणालाच सांगितलं नाही. एका मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पात संगणकाची मेमरी हाताळणाऱ्या फंक्शनांची माहिती मी लिहितो. त्यातलं सर्वांनी वाखाणलेलं वाक्य माझं नाही.

पुतणीच्या लग्नासाठी बाभुळगावच्या समाजमंदिरात भांडी आणायला गेलो होतो. तिथला म्हातारा प्रत्येक गंजाच्या, म्हणजे मोठ्या पातेल्याच्या, काठावरून बोट फिरवून मगच तो देई.

“परत भाऊ आणून देईल,” मी म्हणालो.

त्यानं गंज मागं ओढला. “ज्यानं नेला त्यानंच आणून द्या लागते, साहेब. दोघाईच्या भरवशावर भांडं हरपते.”

प्रोग्रामनं घेतलेली मेमरी कुणी परत करायची, हे मला नेमकं लिहिता येत नव्हतं. त्या म्हाताऱ्याचंच वाक्य इंग्रजीत माझ्या नावावर घातलं.

आमच्या प्रकल्पात स्वल्पविराम सुधारणाऱ्याचंही नाव हातभार लावणाऱ्यांच्या यादीत लागतं. म्हाताऱ्याचं लावायचं राहिलंय. त्याआधी बाभुळगावला जाऊन त्याचं नाव विचारायचंय.