मूळ नक्षत्राची सून

बाळांनो, गडचिरोलीच्या एसटीत माझ्या शेजारी घुग्घुसचे एक गृहस्थ बसले होते. वर्षानुवर्षं सुपारी-तंबाखूचा खर्रा चघळून त्यांचं तोंड जेमतेम बोटभर उघडत होतं. मुलानं पसंत केलेल्या मुलीला नकार कळवायला ते निघाले होते.

"तिच्या जन्माच्या वेळी चंद्र मूळ नक्षत्रात होता, बाई. अशी सून सासऱ्याले खाते म्हणतेत. मले अजून जगाचं हाये."

एवढं बोलून त्यांनी प्लॅस्टिकच्या पन्नीतला खर्रा तळहातावर चोळून घोटला आणि बोटानं गालात कोंबला.

"तोंड डॉक्टरला दाखवलं का, भाऊ?" मी विचारलं.

"काऊन? माही पत्रिका साफ हाये."

मुलगी सुटली, असंच मला वाटलं. उद्या यांचं काही बरंवाईट झालं, तर निदान तिच्यावर आळ येणार नाही.